पासंग

बार्शीच्या बाजारपेठेतील एका जुन्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून पितळी तागडी गल्ल्यामागील खुंटीवर लटकत होती. नववीतल्या नातीने चित्रकलेच्या तासाला द्यावयाच्या स्थिरचित्रासाठी तीच निवडली. बाईंची सूचना होती, ‘‘ठाऊक आहे ते नव्हे, दिसते ते काढा.’’

हात लांब करून पेन्सिलीने माप घेताना मुलीच्या ध्यानी आले, की रिकामी पारडी समपातळीत नाहीत. डावे बोटभर खाली आहे.

काका म्हणाले, ‘‘चित्र शाळेच्या प्रदर्शनात लागेल. अर्धी पेठ पाहील. तू सरळच काढ.’’

सरळ काढावे तर चित्र खोटे. दिसते तसे काढावे तर दुकानाच्या नावाला बट्टा. त्याहून बोचरी शंका मनात होती, ती बोलण्याचे धैर्य होईना. रात्रभर कागद तसाच पडून राहिला.

सकाळी तिने विचारले, ‘‘आजोबा, तागडी पूर्वीपासून अशीच होती का हो?’’

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी गल्ल्याच्या कप्प्यातून कापडात बांधलेला शिशाचा लहानसा तुकडा काढला. डाव्या पारड्याची साखळी एकदा तुटली. नवी आली ती जड निघाली. तेव्हापासून उजवीकडे हा पासंग बांधावा लागे. ‘‘रोज सकाळी रिकामी तागडी उचलून पाहायची. काटा मध्यावर आला, की मगच पहिले गिऱ्हाईक. खुंटीला टांगताना पासंग सुटला, तो पुन्हा बांधायचा राहिला. तू विचारलेस, हे बरे झाले. मनात ठेवून सरळ काढली असतीस, तर तुझा माझ्यावरचा विश्वास कायमचा वाकडा राहिला असता.’’

त्यांनी पासंग बांधला. तागडी हेलकावली आणि स्थिर झाली.

मुलीने जुन्या रेषा खोडल्या. पितळेला पिवळा गेरू, सावलीला तपकिरीत मिसळलेला निळा, आणि चकाकीसाठी कोराच सोडलेला कागद. पासंगाची गाठ मात्र तिने स्पष्ट रंगवली. सावली गढूळ झाली म्हणून बाईंनी ‘ब’ श्रेणी दिली. प्रदर्शनात अनेकांनी विचारले, ‘‘ही गाठ कसली?’’ तिने प्रत्येकाला सारे सांगितले. आजोबा मागे उभे राहून ऐकत होते.

हल्ली काका सकाळी दुकान उघडले, की इलेक्ट्रॉनिक काट्यावर शून्य आहे ना, हे आधी पाहतात. मगच पहिले गिऱ्हाईक.