डॉक्टरांची गाडी नको

पुण्यात जुनी गाडी घेताना बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "डॉक्टरांची आहे का?" घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. सिंगल ओनर, कमी चाललेली. अशी गाडी डोळे झाकून घ्यावी, असं त्यांचं मत. बर्मिंगहॅमला येऊन सहा वर्षं झाली तरी हा मंत्र माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मग डर्बीला नोकरी लागली. रोजचे जाऊन-येऊन ऐंशीएक मैल, तेव्हा छोटी डिझेल घ्यायचं ठरलं.

पहिली बघितली ती अगदी बाबांच्या पसंतीची. २०१६ची, ३१ हजार मैल, आधीची मालकीण एक आजीबाई. बाजारहाट आणि रविवारी चर्च, एवढाच प्रवास. सीटवर ओरखडा नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. सोबत गॅरेजमध्ये काम करणारा कोल्हापूरचा मित्र होता. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "गरम हाय. आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय." थंड डिझेल इंजिन कसं सुरू होतं, किती धूर सोडतं, हेच तर बघायचं असतं. विक्रेत्यानं तेवढंच उरकून ठेवलं होतं.

मग त्यानं डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवली. तेल वरच्या खुणेच्याही वर! तेल कमी होतं हे मला माहीत होतं, वाढतं कसं?

उत्तर आजीबाईंच्या बाजारहाटात होतं. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला इथे सगळे डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडून तो तापवते. त्यासाठी मोटरवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं पळावं लागतं. दोन मैलांवर गाडी बंद केली की जाळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तेल वाढतं आणि पातळ होतं. फिल्टर काढून टाकून सुटका नाही, कारण मुळात असलेला डीपीएफ गायब दिसला तर २०१४ पासून गाडी एमओटीत नापास होते.

एमओटी म्हणजे तीन वर्षांनंतर दरवर्षी होणारी तपासणी. आपल्या पीयूसीसारखी टपरीवर उरकणारी नव्हे. नंबर प्लेट टाकली की सरकारी वेबसाइटवर गाडीची कुंडली फुकट उघडते: कोणत्या वर्षी किती मैल झाले, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद मिळाली. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं ब्रेकचे पाइप गंजतात. तो शेराही तिथेच सापडतो.

दुसरी गाडी एका नर्सची, ९४ हजार मैलांची. रोज स्टोकहून मोटरवेनं ये-जा. इंजिन फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, म्हणजे आपल्याकडे मारुती स्विफ्टला होतं तेच. रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. परदेशात गाववाला भेटावा तसं वाटलं. पण मित्र गाववाल्यावर भाळला नाही. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते, आणि तिचं आयुष्य वेळेवर तेल बदलण्यावर अवलंबून. त्यानं पावत्या मागितल्या. बाईंनी बिस्किटाच्या डब्यातून दरवर्षीची पावती काढून दिली. इंजिन थंडगार होतं, तरी पहिल्याच किल्लीला सुरू झालं. धुराच्या यूरो ६ निकषात बसणारी असल्यानं बर्मिंगहॅमच्या मधल्या क्लीन एअर झोनमध्ये शिरायला दिवसाचे ८ पौंडही लागणार नव्हते.

बाबांना फोन केला. "९४ हजार मैल? म्हणजे दीड लाख किलोमीटर! कुणाची आहे?"

"नर्सची."

"डॉक्टरांची नाही मिळाली?"

बाबांचं पुण्यात बरोबर असेल, पण इथल्या छोट्या डिझेलला आराम मानवत नाही. गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली ते विचारा. आणि बघायला जाण्याआधी विक्रेत्याला फोनवर एवढंच बजावा: मी येईपर्यंत किल्ली लावायची नाही.