शिकेकाई, एक रुपयाची पुडी आणि आम्ही

डोक्यावरील केसांविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत, हे पाहून काही वाचकांस हसू येईल. धर्मगुरूने डोक्याच्या आतील गोष्टींची काळजी वाहावी, बाहेरील गोष्टी न्हाव्यावर सोपवाव्या, असे आमच्या एका वडीलधाऱ्या गुरुबंधूंनी आम्हांस बजावलेही. तथापि ह्या क्षुल्लक विषयावरून गेल्या वर्षी आमची जी फजिती झाली, ती वाचकांपासून लपवून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

आमचे केस उपजतच तेलकट. सकाळी स्वच्छ धुतलेले डोके संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत असे चिकट होते की, पाहणाऱ्यास वाटावे आम्ही आताच वाटीभर तेल ओतून आलो. पांढऱ्या झग्याच्या गळपट्टीवर पिवळसर कड धरते, आणि आमचे कपडे धुणाऱ्या मावशी ती गळपट्टी दगडावर घासताना जे पुटपुटतात ते आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करतो. ह्यावर उपाय म्हणून आम्ही रोज सुवासिक शांपूने डोके धूत असू. फेस भरपूर येई, केस खारकेच्या शेंड्यासारखे राठ होत, आणि चार तासांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे येणारा एक तरुण औषधांच्या दुकानात काम करतो. त्याने एके दिवशी ती बाटली उलटी धरून बारीक अक्षरांतले नाव वाचून दाखविले: सोडियम लॉरेथ सल्फेट. "फादर, हे डोक्यातले तेल पार ओढून काढते, म्हणून डोके दुप्पट तेल तयार करते. हे सोडा, नैसर्गिक वापरा," असे त्याने सांगितले. युक्तिवाद इतका सोपा होता की आम्ही तो तात्काळ मानला. सोपे युक्तिवाद मानण्याची खोड आम्हांस विद्यालयात तर्कशास्त्र शिकूनही गेलेली नाही.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. शांपू हा शब्द आपल्याच चंपीचा भाऊबंद होय. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह चालवीत आणि गोऱ्या लोकांची अंगे वाफेत चोळून देत. पुढे दोन राजांचे ते अधिकृत चंपीवाले झाले. त्यांच्या वेळी शांपू म्हणजे मर्दनच. केस धुणे हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. केस धुण्यासाठी तेव्हा साबण होता, पण साबणाची एक अडचण असे. जड पाण्यातील चुन्याशी त्याचा संयोग होऊन एक पांढरट, चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. ही अडचण कारखान्यात बनविलेल्या द्रव्यांनी दूर केली. अमेरिकेत १९३४ साली 'ड्रीन' नावाचा असा शांपू बाजारात आला. सल्फेट जातीची द्रव्ये जड पाण्यातही फेसाळतात, साका धरीत नाहीत, आणि स्वस्त पडतात. त्यांच्यामुळे कर्करोग होतो अशी जी आवई अधूनमधून उठते तिला आधार नाही. काहींच्या त्वचेस ती झोंबतात, केस कोरडे करतात, इतकेच खरे. उलटपक्षी बाटलीवर 'सल्फेटविरहित' असे छापले म्हणजे आतील माल झाडावरून तोडून आणला असेही नव्हे. त्यातही कारखान्यातलीच, परंतु अधिक सौम्य द्रव्ये असतात, आणि अशी एक लहान बाटली तीनशे-चारशे रुपयांस पडते.

आम्हांस एवढे पैसे केसांवर घालविणे प्रशस्त वाटेना. शिवाय शिकेकाई आमच्या रक्तातली. आमचे बालपण खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला गेले. रविवारी मिस्सेपूर्वी आई आम्हा भावंडांस ओळीने दगडावर बसवी आणि काळपट, आंबूस वासाचे ते पाणी डोक्यावर ओती. कानडी शेजारीण त्यास सीगेकायी म्हणे आणि रिठ्यास अंतवाळकायी. डोळ्यांत गेल्यावर रडणे मात्र दोन्ही भाषांत सारखेच असे.

तेव्हा आम्ही बेळगावास गेलो असता रविवार पेठेतील एका काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई, थोडा रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा घेतला. दळून मिळण्यास मात्र तीन गिरण्या हिंडाव्या लागल्या. शिकेकाई दळली की गिरणीवाला, गिऱ्हाईक आणि रस्त्याने जाणारा असे सर्वच शिंकू लागतात, आणि मागाहून येणाऱ्या जोंधळ्याच्या पिठास तिचा कडवटपणा लागतो. अखेर मसाले कुटणाऱ्या एका गृहस्थांनी दया केली. रात्री पूड भिजत घातली, सकाळी उकळली, फडक्यातून गाळली. पहिल्याच रविवारी रिठ्याचे पाणी आमच्या दोन्ही डोळ्यांत गेले. आम्ही तांबारलेल्या, पाझरणाऱ्या डोळ्यांनी वेदीवर उभे राहिलो, आणि त्या दिवशीच्या प्रवचनात फादरांना गहिवरून आले होते अशी वार्ता गावभर पसरली. ती खोडून काढण्याचे धैर्य आम्हांस आजवर झाले नव्हते, येथे काढतो.

पुढचे तीन आठवडे डोके पूर्वीपेक्षा वाईट. शिकेकाईतील फेसद्रव्य सौम्य, ते सारे तेल काढीत नाही. वर पुडीचा गाळ केसांत राहतो. तरीही आम्ही नेट धरला, आणि दोन महिन्यांनी खाज गेली, कोंडा कमी झाला, केस मऊ झाले. आम्ही विजयी मुद्रेने बेळगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञांस ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, डोक्यावरील तेलाच्या ग्रंथी शरीरातील संप्रेरकांचा हुकूम मानतात; वरून साबण लागला की शिकेकाई, हे त्यांस कळत नाही, आणि धुतल्याच्या सुडाने त्या अधिक तेलही गाळीत नाहीत. मग आमचे डोके सुधारले कशाने? त्यांनी विचारपूस केली. डोके राठ होते म्हणून आम्ही रोज सकाळी बोटभर खोबरेल चोळीत होतो, ते शिकेकाई सुरू केल्यापासून सोडले होते. कोंडा करणारी सूक्ष्म बुरशी त्याच स्निग्धतेवर पोसते. कढत पाणीही सोडले होते, कारण काढा गाळून होईपर्यंत कोमट होई. खोबरेल लावायचेच तर धुण्यापूर्वी लावावे. तसे केल्याने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखविले आहे. तेलकट डोक्याने धुतल्यावर ते लावू नये. थोडक्यात, शिकेकाईच्या नावावर आम्ही जे जमा केले होते त्यातील बरेचसे आमचा स्वतःचा वेडेपणा थांबल्याचे फळ होते.

परंतु हे कळण्यास आम्हांस उशीर झाला होता, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. मधल्या काळात, विजयाच्या भरात, आम्ही उपदेश करून चुकलो होतो.

आमच्या धर्मग्रामातील कित्येक स्त्रिया निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत कामास जातात, कित्येक घरी बसून विड्या वळतात. निपाणीचा तंबाखू म्हटले की लोकांस १९८१ सालचे शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार आठवतो. वखारीतल्या बायांनी त्याच सुमारास प्राध्यापक सुभाष जोशी यांच्याबरोबर आपली संघटना उभी केली, आणि १९८२ साली 'युगांतर' ह्या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर चित्रपट काढला, हे त्या मानाने थोड्यांसच ठाऊक. वखारीत वाळलेला पाला कुटतात, चाळतात. भुकटीचा पिवळा धुरळा हवेत तरंगत असतो, आणि तो नाकात, घशात, पापण्यांत, केसांत बसतो. संध्याकाळी ह्या बाया घरी येतात तेव्हा त्यांच्या पुढे त्यांचा वास येतो.

एका रविवारी मिस्सेनंतर अंगणात आम्ही ह्या भगिनींस शिकेकाईचे गुण सांगितले. दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकणाऱ्या त्या एक रुपयाच्या पुड्या किती घातक, आपल्या आयाबायांचे शहाणपण किती थोर, हे आम्ही चांगले वीस मिनिटे सांगितले. सर्वजणी आदराने ऐकत होत्या. त्यांतील एक, वयाने साठीच्या, वखारीत तीस वर्षे काढलेल्या, मागे थांबल्या.

"फादर, राग मानू नगा," त्या म्हणाल्या, "पर शिकेकाई भिजवाय रात लागती, उकळाय जळण लागतंय, आन् डोईतनं तिचा गाळ काढाय धा तांबे पानी. आमच्या घरात मी धरून तीन बाया. नळाला पानी कवा येतंय ते आदी इच्यारा. सांजच्याला वखारीतनं आल्याव भाकरी थापायची का डोई धुवायची? पुडी फाडली की पाच मिन्टांत काम व्हतंय. आन् नातवाला जवळ घेताना तंबाखूचा वास येत न्हाई."

आम्हांस उत्तर सुचले नाही. आमचे जळण मावशी लावतात, आमचे पाणी टाकीतून येते, आणि आम्हांस जवळ घेण्यासाठी घरी नातू नाही. शिकेकाईच्या त्या आठवणीतही आम्ही दगडावर बसलेले असतो. पहाटे उठून चूल पेटविणारी आई आम्हांस त्या दिवशी प्रथमच त्यात दिसली.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि ह्या वेळी बोलण्याऐवजी विचारले. तेव्हा असे समजले की, रोज पुडी लावल्याने केस राठ होतात, गुंततात. म्हणून सकाळी कामावर जाताना त्या टाळूवर भरपूर तेल थापतात. आणि त्या तेलावर दिवसभर तंबाखूची भुकटी चिकटून बसते. ती काढावयास संध्याकाळी पुन्हा पुडी, कधी दोन. वाचकहो, हे तर आमच्याच डोक्याचे रहाटगाडगे! फरक इतकाच की आमच्या केसांत धूळ होती ती खुर्चीतली, त्यांच्या केसांत निकोटीन, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. तंबाखू न खाता डोके दुखणे, मळमळणे, हे त्या स्त्रियांस परके नाही.

मग आम्ही डॉक्टरांकडून शिकलेले तेवढेच सांगितले. तेल सकाळी नको. लावायचे तर घरी आल्यावर, धुण्याआधी थोडा वेळ. कामावर डोक्यास नुसता पदर न घेता जाड फडके कपाळापासून मानेपर्यंत घट्ट बांधावे, आणि ते फडके रोज धुवावे. निकोटीन पाण्यात विरघळते, म्हणून आधी साध्या पाण्यानेच केस खळखळून घ्यावे. मग पुडी थेट टाळूवर न ओतता तांब्याभर पाण्यात मिसळावी. अर्धी पुरते. "मंग उरल्याली अर्धी सुनंला," असे म्हणून त्यांनी हिशेब लगेच बसविला.

ह्या पुडीविषयी आमचा पूर्वग्रह पुरता गेला असे मात्र नव्हे. तामिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन ह्या गृहस्थांनी शांपू पुडीत भरण्याची युक्ती काढली. श्रीमंतांस मिळते ते मजुरासही मिळावे ही त्यामागची बुद्धी होती आणि ती आम्हांस मान्य आहे. परंतु आतील द्रव्य पाण्याबरोबर वाहून काही दिवसांत कुजून जाते, बाहेरचा चकचकीत तुकडा जात नाही. पावसाळ्यात आमच्या गल्लीचे गटार तुंबले की काढणारा माणूस त्या तुकड्यांच्याच मुठी बाहेर टाकतो. ह्यास आमच्याजवळ उपाय नाही. वखारीत धुरळा कमी व्हावा, तेथेच बायांस डोके धुण्यास पाणी मिळावे, ही मागणी शिकेकाईहून मोठी आहे, आणि ती आता आम्ही त्यांच्याबरोबर करू लागलो आहोत. अद्याप एका वखारीने मोरी बांधण्याचे कबूल केले आहे, बांधलेली नाही.

आमच्या डब्यातील अर्धी शिकेकाई आम्ही त्या आजींस देऊ केली. नको म्हणतील असे वाटले होते, पण त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि पदराआड ठेवला. "पोरगी बाळंतपणाला याची हाय दिवाळीत," त्या म्हणाल्या, "तवा घरात दोन महिनं पानी तापतंयच." जाताना त्यांनी पुडीत रिठा किती घातला आहे हे विचारले, आणि आम्ही सांगितल्यावर कपाळास हात लावून म्हणाल्या की तान्ह्या पोरास एवढा चालत नाही, पुढच्या दळणाला निम्मा घाला.