तीनच किलो

पंचवटी, नाशिक
मार्गशीर्ष वद्य तृतीया, ७ डिसेंबर २०२५

चि. चिऊ हिस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर मुष्टियुद्धाच्या राज्य अजिंक्यपदाची वार्ता सांगून झाल्यावर, त्याच आनंदाच्या भरात तू म्हणालीस, "आजोबा, आता ५४ सोडून ५१ मध्ये उतरणार, तीनच किलो तर आहेत." मी त्यावर काही बोललो नाही, कारण ज्याची सारी हयात वजनमापे खात्याच्या चाकरीत गेली आणि ज्याने एका छटाकाच्या फरकासाठी रविवार कारंजावरच्या भल्याभल्यांशी वैर पत्करले, त्याच्या नातीच्या तोंडून वजनाविषयी 'तीनच' हा शब्द निघावा, हे मला ऐकवले नाही. अभिनंदन केले ते मनापासूनच. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आधी हिशेब नीट मांडू. ५४ हे तुझे वजन नव्हे, ती स्पर्धेच्या सकाळी काट्याने केलेली नोंद. एरवी तुझे वजन साडेछप्पन्न भरते, हे मला तुझ्या आईकडून कळले आहे (तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारले). तेव्हा प्रश्न तीन किलोंचा नसून साडेपाच किलोंचा आहे, म्हणजे तुझ्या देहाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याचा. आणि ज्या देहावर चरबीचा लवलेश नाही, त्याने हा हिस्सा आणायचा कोठून? काही पोटातून, काही रक्तातल्या पाण्यातून, आणि उरलेला त्याच स्नायूंतून ज्यांच्या जोरावर तू परवा जिंकलीस. सिन्नरहून तुझा डबा न खाता भरलेलाच परत आला होता ते प्रकरण मी विसरलेलो नाही, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

माझ्या खात्यातलेच एक उदाहरण घे. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खाच असते. तीत शिसे भरतात आणि त्या शिशावर खात्याची मुद्रा उठवतात. दर दोन वर्षांनी फेरतपासणीस वजने आली की काही महाभागांच्या वजनांतले शिसे आतून कोरलेले आढळे. वरून आकडा तोच, मुद्राही तीच, आत मात्र पोकळी. 'मापात पाप' म्हणतात ते हेच. तुझ्या खेळात आज जो तो आपल्याच देहातले शिसे कोरून काट्यापुढे उभा राहतो आहे. सकाळी ५१ भरायचे, काट्यावरून उतरताच पाणी ढोसायचे, आणि रिंगणात चढताना पुन्हा चोपन्नाच्या घरात जायचे. समोरचीही तेच करून आलेली असते. वजनगट मुक्रर झाले ते दुबळ्याला धिप्पाडाच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी. तो हेतू केव्हाच लयास गेला, लाभ कोणाच्याच पदरात पडला नाही, आणि दोन्हीकडच्या मुली मात्र अर्धमेल्या. माझा अंमल असता तर मी फर्मान काढले असते की वर्षभर अचानक, पूर्वसूचनेवाचून, वजने घ्यावीत आणि त्यांच्या सरासरीवरून ज्याचा गट त्याला नेमून द्यावा. खेळाडूची इच्छा, वस्तादाची मसलत आणि संघटनेची सोय, तिन्ही बाजूला. तू हसशील. हस.

आता व्यवहाराचे बोलू. ५४ च्या गटात प्रीती पवार आहे, हे तुझ्या बेताचे खरे कारण असावे असा माझा तर्क आहे (आडनाव ऐकून आजीला ती साताऱ्याकडची वाटली होती; मुलगी हरयाणाची आहे). गेल्याच महिन्यात ग्रेटर नोएडाला तिने विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत सुवर्ण घेतले, तेव्हा तिचे भय वाटणे अस्वाभाविक नाही. पण त्याच स्पर्धेत ५१ चे सुवर्ण कोणी नेले? निखत झरीनने. म्हणजे अन्नपाणी सोडून, देह सुकवून तू ज्या दारातून आत शिरणार, तिथे दोनदा जगज्जेती झालेली बाई उभी! लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही गट आहेत, त्यामुळे गट नाही म्हणून नाइलाज झाला, ही सबबही तुला नाही. मेरी कोमला तो नाइलाज होता. तिची तोवरची पाच जगज्जेतेपदे ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली, आणि २०१२ साली लंडनला स्त्रियांसाठी प्रथमच मुष्टियुद्ध आले तेव्हा सर्वांत हलका गट ५१ चा. म्हणून तिला वर चढून आपल्याहून मोठ्या हाडापेराच्या मुलींशी लढावे लागले, आणि त्यातूनही तिने कांस्य आणले.

निखतच स्वतः खाली आली ना, असे तू म्हणशील. आली, आणि २०२२ साली ५२ मध्ये जिंकलेली ती २०२३ मध्ये ५० मध्येही जिंकली, हे मी नाकारीत नाही. पण पॅरिसला चीनच्या वू यूकडून हरल्यावर आधीचे दोन दिवस वजनापायी आपल्याला धड खाता-पिता आले नव्हते, असे तिनेच सांगितले. तेही तुझ्या वहीत टिपून ठेव.

खाशाबा जाधवांविषयी मी तुला लहानपणी इतके सांगितले आहे की तुला त्याचा कंटाळा असेल. तरी आज पुन्हा सांगतो, कारण या वेळी सांगण्याचे कारण निराळे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ साली लंडनला गेला तो ५२ किलोंच्या गटात, लाल मातीतून एकदम गादीवर, आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा तिथे उतरले ते ५७ किलोंच्या गटात. कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा असे तीन मल्ल त्यांनी हरवले, जपानच्या इशीशी आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी हरले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कराडला आले. मिरवणुकीला दीडशेवर बैलगाड्या होत्या. (गंमत अशी की त्या वर्षी आपल्या बाजारात अजून शेर आणि मणच चालत होते, किलो आम्हाला १९५८ नंतर ठाऊक झाला.) गट वर नेला म्हणूनच पदक मिळाले, असे मी म्हणणार नाही, चार वर्षांत गादीची सवय झाली, डाव पिकले, हे त्याहून मोठे कारण असेल. परंतु सव्विसाव्या वर्षी वाढलेल्या अंगाला उपाशी मारून पुन्हा बावन्नाच्या कोंदणात बसवण्याच्या फंदात तो माणूस पडला नाही, एवढे तरी घे. आपल्या पाटोद्याचा राहुल आवारेही ५७ मध्ये राष्ट्रकुलाचे सुवर्ण जिंकून २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ मध्ये उतरला आणि कांस्य घेऊन आला. वर जाण्यात अप्रतिष्ठा आहे, ही समजूत तुम्हा मुलांच्या डोक्यात कोणी भरली?

कुस्तीगीर विनेशची गोष्ट तुला मी नव्याने सांगायला नको. तिचा ५३ चा गट दुसऱ्या मुलीकडे गेला म्हणून ती ५० मध्ये उतरली. पॅरिसला ६ ऑगस्टच्या दिवशी तिने आंतरराष्ट्रीय लढतींत तोवर कोणाकडून न हरलेल्या जपानच्या सुसाकीला हरवले, रात्रभर धावली, केस कापले, आणि ७ तारखेच्या सकाळी काट्याने शंभर ग्रॅम जास्त दाखवले. सारा देश त्या काट्यावर संतापला. मी नाही. काटा बिचारा इमानदार असतो. ज्यांनी त्या मुलीला त्या काट्यापर्यंत आणले, त्यांची चौकशी व्हायला हवी होती. आणि अमन सेहरावतने त्याच पॅरिसमध्ये एका रात्रीत साडेचार किलो उतरवून पदक मिळवले, हे तुमच्या शिबिरात कौतुकाने सांगतात म्हणे! जो वाचला त्याची कथा सांगतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयांतली तीन पैलवान पोरे अशीच घाम काढता काढता सहा आठवड्यांच्या आत मेली. तेव्हा कुठे तिथल्यांना जाग आली, आणि हंगामाच्या आरंभीच शरीरातले पाणी व चरबी तपासून ज्याच्या-त्याच्या किमान वजनाचा दाखला देण्याचा शिरस्ता पडला. म्हणजे माझे फर्मान अगदीच वेडगळ नव्हते.

कुस्तीत निदान डोक्यावर ठोसे पडत नाहीत. तुझ्या खेळात पडतात, आणि पाणी आटलेल्या शरीराने ते झेलणे अधिक घातक ठरण्याची भीती डॉक्टरांना वाटते, हे मी वाचले तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

 

हुकूम करण्याचा अधिकार मला नाही, तू सज्ञान आहेस. पण प्रवेशअर्ज भरण्याआधी दोन दिवस इकडे ये. येताना गेल्या सहा महिन्यांची सकाळच्या वजनांची वही आण. कोचला दाखवतेस ती नव्हे, खरी. गंगापूर रस्त्यावरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे, ते रक्त आणि हाडांची घनता तपासतील. उपाशी राहणाऱ्या मुलींचे आणखी एक दुखणे ते म्हणाले, ते मी आजोबा असून विचारणे बरे नव्हे. आजीला त्याविषयी खाली चार ओळी लिहायच्या आहेत आणि ती मघापासून कागद मागते आहे, म्हणून आवरतो. तिला खरे उत्तर दे.

तुझा,
आजोबा