पकडायचा आणि सोडायचा

"पकडलेला मासा परत सोडायचा, मग पकडायचा कशाला?" अण्णांचा हा प्रश्न २०१९ च्या उन्हाळ्यातला. वाईला कृष्णेच्या काठी गळ टाकून बसण्यात त्यांचं अर्धं बालपण गेलेलं. मासा मिळाला की संध्याकाळी कालवण! आणि इथे इंग्लंडात नातू सांगतोय, "आजोबा, कार्प खायचा नाही. फोटो काढायचा आणि सोडायचा."

कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचाच भाऊबंद. नीट जपला तर कित्येक दशकं जगतो. म्हणूनच इथल्या बहुतेक तळ्यांवर तो जिवंत सोडायचा नियम. गंमत म्हणजे गळ टाकायलाही लायसन्स लागतं, वय १३ किंवा त्याहून जास्त असेल तर. अण्णांसाठीही काढलं!

नियम मला ठाऊक होता, पण रीत नव्हती. त्याआधीच्या खेपेला मी मासा उभ्यानेच छातीशी धरला आणि "काढ रे फोटो!" म्हणून ओरडलो. लेक कॅमेऱ्याचं बटण शोधतोय, तोवर माशाने उसळी मारली आणि धपकन खाली! चार खवले निघाले. पाण्यात सोडल्यावर तो गेला खरा, पण लेक घरी येईपर्यंत गप्प. रात्री म्हणाला, "बाबा, फोटोसाठी आपण त्याला मारलं का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

मग तळ्यावरच्या एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांची शिकवणी लावली. कॅमेरा आधी तयार ठेवायचा. तोवर मासा जाळ्यात, पण पाण्यातच. जमिनीवर मऊ मॅट, तीही ओली. हातसुद्धा ओले हवेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. कोरड्या हातांनी ते निघतं आणि रोग शिरतो. गळ चिमट्याने हळूच काढायचा. एक हात पुढच्या परांखाली, दुसरा शेपटीजवळ, कल्ल्यांना बोट लावायचं नाही. आणि मुख्य म्हणजे उभं राहायचं नाही. मासा मॅटच्या वर वीतभरच उचलायचा, म्हणजे निसटला तरी इजा नाही. सगळं मिनिटाभरात आटपायचं.

इथे अण्णांनी बाजी मारली. गृहस्थांना गुडघे टेकताना "आई गं" व्हायचं, त्यांच्या भाषेत! आमचे सत्तरीचे अण्णा मात्र सहज उकिडवे बसले. लेकाने दोनच फोटो काढले. मग अण्णांनी मासा पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला, तो शेपटी हलवून स्वतः निघेपर्यंत. लेक श्वास रोखून बघत होता. मासा खोल पाण्यात गेला तेव्हा कुठे हसला.

तो फोटो आता वाईच्या घरी भिंतीवर आहे. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "केवढा मोठा! चवीला कसा होता हो?"

अण्णा म्हणतात, "कुणाला ठाऊक! मी त्याला घरी पाठवला."