सुताराची झोपडी

वेरूळच्या दहाव्या लेण्यात मान वर केली की आपण लाकडी छताखाली उभे आहोत असंच वाटतं. कमानदार छताला एकाशेजारी एक फासळ्या आहेत, त्यांच्यातलं अंतर सुताराने सूत धरून आखावं इतकं सारखं आहे. पण त्यांतली एकही फासळी कसलाच भार पेलत नाही. सातव्या शतकाच्या आसपास हा सगळा चैत्य अखंड खडकातून कोरून काढला गेला, आणि डोंगराच्या पोटातल्या छताला वाशांची गरज नसते. तरीही कोरणाऱ्यांनी एकेक वासा छिन्नीने उभा केला. पुढच्या काळात लोकांनी इथल्या स्तूपासमोर बसलेल्या बुद्धात विश्वकर्मा पाहिला, लेण्याला ‘सुतार का झोपडा’ म्हटलं, आणि सुतारकाम करणारी माणसं आपल्या आद्य कारागिराचं ठिकाण म्हणून इथे येत राहिली. जुन्या लाकडी इमारतींचं हे दगडातलं अनुकरण आहे, एवढं सांगून बहुतेक पुस्तकं पुढे सरकतात. हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. ज्या डोंगरात कैलास लेणं कोरलं त्याच डोंगरात हे लेणं आहे; इथल्या कारागिरांना दगडाला हवा तो आकार देता येत होता. तरी ‘घर’ म्हणताना त्यांच्या हाताला लाकडाचाच आकार सुचला. छत्रपती संभाजीनगरला आपण दगडाचा जिल्हा म्हणून ओळखतो. माझं म्हणणं असं की या जिल्ह्याची बुद्धी लाकडावर घडली आहे, आणि ती बुद्धी आपण लाकडापेक्षाही वेगाने गमावतो आहोत.

लेण्यांचा क्रम लावला की हे अधिक स्पष्ट होतं. मावळातल्या भाज्याच्या चैत्यात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, दगडी छताला प्रत्यक्ष लाकडाच्या फासळ्या बसवल्या गेल्या. तिथले दगडी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो म्हणून ते आत कलते रोवावे लागतात. दगडात तसा रेटाच नाही, तरी कल मात्र राखला आहे. कार्ल्याच्या चैत्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही छताला आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात मधल्या दालनाच्या लाकडी फासळ्या गळून गेल्या आणि त्यांच्या खुणा उरल्या, पण बाजूच्या वाटांवर त्याच फासळ्या दगडात कोरलेल्या दिसतात. पुढे अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत सगळंच दगडाचं झालं, आणि वेरूळला ही परंपरा संपली. आठ-नऊशे वर्षांच्या या वाटचालीत लाकूड हळूहळू निघून गेलं, पण सुताराचं गणित गेलं नाही. ज्या इमारतींवरून हे गणित घेतलं त्यांतली एकही आज उभी नाही. म्हणून प्राचीन सुतारकामाचं सर्वांत विश्वासू दफ्तर पाथरवटाने लिहिलं, असं म्हणणं भाग आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरातही तसंच आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण कमानी मोजतो. भडकल, मकई, पैठण, दिल्ली अशी नावं घेतो ती दगडी चौकटीची. पण शहर रात्री बंद होत असे ते लाकडी फळ्यांनी. देवगिरीच्या दरवाजांवर हत्तीला रोखणारे लोखंडी खिळे ठोकले आहेत ते लाकडावरच. बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वाराचं नक्षीदार पितळ लाकडी दारावर मढवलेलं आहे. पैठणी आणि हिमरू पाहताना नजर जरीवर, नक्षीवर जाते. हे कापड विणणारा माग, धोटा, तुळया हे सगळं लाकूड. डोळ्यांना दिसतं ते दगड, पितळ, जर. पेलणारं आणि चालणारं जे असतं ते लाकूड, आणि झिजून जातं तेही तेच.

हा जिल्हा दाट जंगलाचा मुलूख नव्हता. कन्नडच्या बाजूला गौताळ्याचा डोंगराळ पट्टा सोडला तर काळ्या जमिनीत झाडं असायची ती बांधावर, ओढ्याकाठी आणि गावठाणात. माझ्या मते इथल्या लाकूडज्ञानाची सूक्ष्मता या टंचाईतूनच आली. कोकणात किंवा मेळघाटात जे सढळ हाताने वापरता येतं ते इथे पारखून घ्यावं लागलं. नांगर, वखर, कुळवाचं दिंड, तिफण यांना बाभूळ, कारण ती कठीण, चिवट आणि ओल्या मातीत न कुजणारी. गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरेही बाभळीचे. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कारण घाव घालताना तो हादरा सोसतो. धान्याच्या पेटीला कडुलिंब, कारण त्याच्या कडवटपणाला कीड बिचकते. पालखी-पाळण्याला शिवण, कारण ती हलकी असून पिळवटत नाही. फण्यांना हळदू, मुसळाला खैर किंवा बाभूळ, साध्या फळीकामाला आंबा. साग महाग, म्हणून तो तुळईला आणि दाराच्या चौकटीला राखून ठेवायचा. झाड पाहताक्षणीच त्यात लपलेलं अवजार ओळखता येणं हे कुठल्याही शाळेत न शिकवलेलं शास्त्र होतं. वाकडी फांदीही टाकून दिली जात नसे. नांगराला जो बाक हवा असतो तो झाडातच वाढलेला असला तर करवतीने कापून आणलेल्या बाकापेक्षा मजबूत ठरतो, कारण त्यात लाकडाचे तंतू तुटलेले नसतात.

घराचंही तेच. माळवदाच्या घरात खांब, त्यावर तुळई, तुळयांवर सर, त्यावर किलच आणि वर मातीचा जाड थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांत. खोली किती रुंद असावी हे मालकाच्या इच्छेपेक्षा मिळालेलं लाकूड ठरवत असे. खांबाच्या बुडाशी तळखडा, म्हणजे दगडी बैठक. त्यामुळे लाकूड जमिनीपासून वर राहतं, ओल चढत नाही आणि वाळवीला वाट सापडत नाही. सांध्यात खिळे नसत. खाचेत कुसू बसवलेलं असे, म्हणून एखादी तुळई खराब झाली तर तेवढीच सोडवून बदलता येई. लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते, असा आक्षेप आज दुकानदारापासून अभियंत्यापर्यंत सगळे घेतात. लाकूड कुजतं हे खरं आहे. पण सारी जुनी रचना ते गृहीत धरूनच केलेली होती. कधीच खराब होणार नाही असा दावा करणाऱ्या वस्तूला दुरुस्तीची सोय ठेवावी लागत नाही, आणि ती मोडली की कचऱ्यातच जाते. प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तुटल्यावर तिचं काय होतं ते आपल्या गच्च्या सांगतात.

दुरुस्तीची ही सोय लाकडापुरती नव्हती, व्यवहारातही होती. बलुत्यात सुताराला वस्तूची किंमत मिळत नसे, हंगामाला धान्याचा वाटा मिळत असे, आणि त्यात वर्षभराची अवजारं नीट ठेवण्याची जबाबदारी आली. पेरणीच्या आधी तिफणीचं चाडं, नळ्या, दांडी तपासून द्यायची, रुमणं सैल झालं तर घट्ट करायचं, जू घासून बैलाच्या मानेला जपायचं. वस्तू जितकी जास्त टिकेल तितकं सुताराचं काम हलकं, अशी ही रचना होती. आजच्या बाजाराचं सूत्र बरोबर उलटं आहे: वस्तू लवकर मोडली तर विक्री वाढते. पण बलुत्याचं नुसतं कौतुक करून थांबणं अन्यायाचं होईल. सुताराचा मुलगा सुतारच होणार, वाटा किती तो दुसरा ठरवणार, आणि कारागिराला जमीनदाराच्या खळ्यावर हात पसरावा लागणार, हे सगळं त्याच व्यवस्थेत होतं. ती मोडली हे योग्यच झालं. खेद आहे तो एवढाच की जातीची सक्ती टाकून देताना कसबाची कदरही टाकून दिली गेली. वाकस, रंधा, पटाशी आणि गुण्या हाताळणाऱ्या माणसाला आपण मिस्त्री म्हणून बोलावतो, तयार फर्निचरचे स्क्रू आवळायला लावतो आणि कुशल कामगार म्हणून मोजतो. त्याला लाकूड ओळखता येतं का हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो स्त्रियांच्या बाजूने येतो. लाकूड म्हणजे चूल, धूर, डोक्यावरची मोळी, उखळावर पहाटेपासून पडणारं मुसळ. हे सगळं खरं आहे. गिरणी आली, गॅस आला, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गावोगावी सिलिंडर पोचले, यात हळहळ वाटण्याजोगं काहीही नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष लाकडाच्या विरोधात जात नाही, जाळण्याच्या विरोधात जातो. कोरड्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, झाडाने हवेतून ओढून घेतलेल्या कार्बनचं. ते चुलीत गेलं की तासाभरात हवेत परत जातं. तुळईत राहिलं तर दीडशे वर्षं घरात राहतं. पोळपाट, काठवट, पाट, पाळणा, दार ही सगळी हवेतला कार्बन अडवून धरणारी कोठारं आहेत. जळणाचं लाकूड आणि राखायचं लाकूड यांत जुनी माणसं फरक करत. सरळ खोडाला कुऱ्हाड लावून चुलीत घालणं हे उधळेपणाचं लक्षण मानलं जाई, जळणाला काटक्या, पळाट्या, तुराट्या असत.

तिसरा आक्षेप जंगलाचा, आणि त्याला सरकारी धोरणाचंही बळ मिळालं. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. न्यायालयाचा आदेश गरजेचाच होता. त्याने जंगल वाचलं. पण लाकूड वापरणंच पाप, असा जो समज पसरला तो चुकीचा होता. खिडक्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या झाल्या, दारं पीव्हीसीची झाली, आणि या प्रत्येकासाठी कुठली तरी खाण किंवा भट्टी चालू राहिली. बांधावरच्या बाभळीला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून शेतकऱ्याने ती लावणं सोडलं. जंगल तोडून केलेली तुळई आणि बांधावर लावून, वाढवून, कापलेली तुळई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोरणाला उमगायला सत्तावीस वर्षं लागली. त्याच खात्याने २०२० मध्ये ही बंदी उठवली.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. मराठवाड्याच्या मनातून माळवद तेव्हा उतरलं, ते अजून उतरलेलंच आहे. भीती समजण्यासारखी आहे, पण माणसं कशाखाली चिरडली हे नेमकं पाहायला हवं. मातीत रचलेल्या, सांधे नसलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढलेली माती कोसळली. अनेक ठिकाणी भिंती पडल्यावरही आतला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. म्हणजे जो भाग खाचेने आणि कुसवाने जोडलेला होता त्याने हेलकावा सोसला. धडा होता तो भिंती बांधून घेण्याचा आणि छत हलकं करण्याचा. आपण मात्र लाकूडच काढून टाकलं.

आणि तरीही लाकूड गेलेलं नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतून सुटे भाग बाहेर पडतात ते लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीस मिनिटं तिथे राखावा लागतो, म्हणजे त्यातून कीड देशोदेशी जात नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उद्योगनगरी म्हणवणारं हे शहर आजही लाकडावर चालतं, पण ते लाकूड एकदोन फेऱ्यांत मोडून चुलीत जाणारं आहे. दुसरीकडे, पातळ फळ्या एकाच दिशेने एकावर एक चिकटवून केलेल्या जाड तुळयांवर नॉर्वेत २०१९ मध्ये अठरा मजल्यांची इमारत उभी राहिली. आगीची शंका घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जाड तुळई बाहेरून कोळशाने झाकली जाते आणि तो थर आतला गाभा बराच वेळ वाचवतो. उघडं लोखंड मात्र तापलं की वाकतं. आपल्याला अठरा मजले नकोत. पण त्या विद्येचा अर्धा भाग इथल्या मिस्त्रीच्या आजोबांना ठाऊक होता, हे विसरता येत नाही.

म्हणून विनंती अगदी व्यवहाराची आहे. पैठण, खुलताबाद किंवा जुन्या शहरात वाडा पाडताय तर त्याचे खांब, तुळया, चौकटी वखारीत वजनावर देऊ नका. कुणाच्या तरी नव्या घरात बसवा, सागाला अजून शंभर वर्षं आहेत. मोडलेला पाट, सैल झालेली खुर्ची टाकण्याआधी एकदा सुताराला दाखवा, आणि त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवताना प्लायवूडबरोबर बाभूळ, लिंब, शिवणही मुलांच्या हातात द्या. आणि ज्याच्याकडे बांध आहे त्याने दर पावसाळ्यात दोनतीन बाभळी, एखादा कडुलिंब लावावा. विहिरीच्या पाण्याची दोघांनाही फारशी गरज लागत नाही, आणि लावणाऱ्याच्या हयातीतच त्यांचं लाकूड कामाला येतं.