मनीचे नखरे

आमच्या घरात ‘नखरे’ हा शब्द फार स्वस्त आहे. शेपूची भाजी नको म्हटले की नखरे, चहातली साय काढून टाकली की नखरे, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नाही म्हटले तरी नखरेच! हा शब्द वापरण्याचा पहिला मान आजीचा. तिने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल, म्हणजे आज मी आहे तेवढी. माहेर मराठवाड्यातले, सेनगावकडचे. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे मिळणारी सुकडी खायची आणि घरी आल्यावर रेशनच्या लाल मिलोची भाकरी. “मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती, पन कोनी ताट सरकवलं नाई,” हे वाक्य आम्ही भावंडे इतक्या वेळा ऐकत आलो आहोत की, कुणी ताटात काही टाकले तर आजीच्या आधी आम्हीच ते म्हणून दाखवतो.

अशा घरातल्या मांजरीने २०२५ च्या दिवाळीनंतर ताट सरकवले. म्हणजे खरोखरच सरकवले. दूध-भाकरीच्या काल्याचा वास घेतला, पंजाने भोवतालची फरशी खरवडली, जणू काही त्यावर माती लोटायची आहे, आणि पाठ फिरवून ती निघून गेली.

आजी म्हणाली, “नखरे!”

मनीची ओळख करून द्यायला हवी. अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूरचा घाट ओलांडला की आमचे मेडशी लागते. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षी याच वाटेने जाते. २०११ साली पालखी गावात आली त्या संध्याकाळी मृगाची सर कोसळली, आणि ओसरीवर वारकऱ्यांच्या चपलांच्या ढिगात एक भिजलेले पिलू सापडले. मी पाच वर्षांची होते. पालखीच्या दिवशी आलेला जीव बाहेर कसा काढायचा? आजीने त्याला पदराने पुसले आणि ‘मनी’ हे नाव ठेवले. (गावातल्या निम्म्या मांजरी मनीच आहेत, हा भाग वेगळा.) त्यामुळे आमच्या घरात मनीचे वय नेमके ठाऊक आहे, आजीचे मात्र अंदाजाने.

आजी माळकरी. घरात मासळी नाही, मटण नाही, अंडेसुद्धा नाही. मनी दूध-भाकरीवर वाढली, आणि ती आमच्यासारखीच शाकाहारी आहे असे आम्ही कौतुकाने सांगत असू. प्रत्यक्षात ती रात्रभर कोठीघरात आणि गोठ्यात असे. तुरीच्या पोत्यांमागे तिचा खरा स्वयंपाक चालायचा. सकाळी उंबऱ्याबाहेर एखादी शेपटी पडलेली दिसे आणि आजी ती केरसुणीने लोटून देई. दाराबाहेरच्या जेवणाचा हिशेब आमच्या घरात कुणी ठेवत नव्हते.

वास्तविक माणसाची आणि मांजराची ओळखच या कोठीवरून झालेली आहे. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते २००४ साली जगाला कळले. म्हणजे इतक्या जुन्या नात्यात दूध-भाकरीचा काला हा वरचा खाऊ होता, पगार वेगळाच होता! चौदाव्या वर्षी मनीची नोकरी सुटली. उंदीर समोरून जाई आणि ती नुसती मान वळवून बघे. आम्ही हसलो. तिचे खरे जेवणच बंद झाले आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. आता ती खरोखरच आमच्यासारखी शाकाहारी झाली होती, आणि ते तिला जमत नव्हते.

मग सुरू झाले आमचे प्रयोग. आईने दुधात साखर घातली. मनीने ढुंकून पाहिले नाही. पुढे मला वाचायला मिळाले की, मांजराच्या जिभेला गोड ही चवच कळत नाही. ती चव ओळखणाऱ्या घटकाचे एक जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. म्हणजे आईने घातलेली साखर वायाच गेली. धाकट्या भावाने चिवडा दिला. बाबांनी तूप. शेजारच्या काकूंनी प्रेमाने कोंबडीचा रस्सा वाटीत घालून कुंपणावरून दिला. मनीने तो हुंगला, थोडा चाटलाही. पण कांदा-लसणाचा तो झणझणीत रस्सा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो, हे तेव्हा ना काकूंना ठाऊक ना आम्हाला. नशीब की तिने वाटी तशीच सोडली.

“भूक लागली की खाईल,” बाबा म्हणाले. माणसाच्या पोराच्या बाबतीत हे खरे असेल, मांजराचे तसे नाही. मांजर दोन-तीन दिवस पोटात काही न घालता राहिले की त्याच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृतच बंद पडू लागते. मांजराला एकादशी सोसत नाही! हे मला आपल्या ग्रंथालयात बसून मोबाईलवरचा इंग्रजी मजकूर शब्दकोशाच्या मदतीने लावताना कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजीचा तास बुडवून मी इंग्रजीच वाचत होते, हे आमच्या सरांना या लेखातूनच कळेल. क्षमा असावी.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आजी पाटावर बसून तिची तापाची गोळी अडकित्त्याने अर्धी करत होती.

“कोनासाठी वं आजी?”

“तिच्यासाठी. अंग दुखत असन तिचं. मले बरं वाटते ह्या गोळीनं.”

मी तिच्या हातातून ती अर्धी गोळी जवळजवळ हिसकावूनच घेतली. आपल्या घराघरांत असते ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. ती पचवण्याची सोय त्याच्या यकृतात नसते, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. आजी माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला कधी असे ओरडले नव्हते. पण त्या गोळीवरून मला एक गोष्ट उमगली. तोंडाने ‘नखरे’ म्हणणाऱ्या आजीला ते नखरे नाहीत, हे केव्हाच कळले होते.

दुसऱ्या दिवशी मी मनीला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हशी तपासून थकले होते, तरी त्यांनी तिचे तोंड उघडून नीट पाहिले. मागच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्या लालभडक. “भाकरीचा कडक तुकडा लागला की कळ येत असणार,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले की पाणी किती पिते? मला आठवले, गेले दोन महिने ती सारखी रांजणाखालच्या ओलीत तोंड घालून बसलेली असे. म्हाताऱ्या मांजराची तहान वाढली, लघवी वाढली, वजन उतरले की मूत्रपिंडाची शंका घ्यायची असते. रक्त तपासायला हवे आणि ते अकोल्याला होईल, असे त्यांनी सांगितले. (घरी ‘मूत्रपिंड’ म्हटले तर कुणाला उलगडा होईना, ‘किडनी’ म्हटल्यावर सगळ्यांना एकदम कळले.)

इथे खरा प्रश्न आला. सप्टेंबरच्या पावसाने त्या वर्षी आमचे सोयाबीन उभ्या शेतात भिजले होते. हाती आले ते काळे पडलेले. अशा वेळी बाबांसमोर मांजरीच्या रक्ततपासणीची गोष्ट कोणत्या तोंडाने काढायची? माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे आले होते, त्यातून पुस्तके घ्यायची होती. मी बाबांना काही न विचारता एस.टी.त बसले. पातूरच्या घाटात मनी असा काही आक्रोश करू लागली की अर्धी गाडी माझ्याकडे वळून पाहू लागली. कुणीतरी म्हणाले, “मांजराले घेऊन अकोल्याले? काय दिवस आले!” मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्याचे म्हणणे मला तेव्हा चूक वाटले नाही आणि आजही पुरते चूक वाटत नाही. पण मांजराला घाटातून परत पाठवणे मला शक्य नव्हते.

मूत्रपिंडे थकली होती. पुरती गेली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्यांवर औषध दिले आणि मग जेवणाचे सांगितले. ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. मांजर मुळातच मांसाहारी. त्याच्या शरीराला टॉरीन नावाचा एक पदार्थ लागतो. तो पुरेसा त्याला स्वतःला बनवता येत नाही आणि धान्यातून मिळत नाही. त्याच्या कमतरतेने मांजराचे हृदय ढिले पडते, हे १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन यांनी दाखवून दिले. शिवाय दुधाने पुष्कळ मोठ्या मांजरांचे पोट बिघडते. दुकानातले मांजराचे तयार खाणे आणा, जमल्यास मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी वेगळे मिळते ते. नाहीतर कोंबडी उकडून द्या, मीठ-मसाला-कांदा काही नको, आणि उकडलेले पाणीही ओतून टाकू नका, टॉरीन त्यात उतरते. बाजारातली सुकट खारट, ती देऊ नका. नुसत्या कोंबडीवर कायमचे भागणार नाही, पण सध्या काहीतरी पोटात जाणे महत्त्वाचे.

तयार खाण्याचे एक पाकीट मी आणले. कडक गोळ्या पाहून मनीने पुन्हा फरशी खरवडली. कोमट पाण्यात भिजवून दिल्या तेव्हा चार चाटल्या. म्हाताऱ्या मांजराचे नाक मंद होते, आणि मांजर आधी नाकाने जेवते. अन्न कोमट केले की त्याचा वास उठतो. नव्या खाण्याची एकदम सक्ती करायची नाही, जुन्यात चिमूटभर मिसळत आठ-दहा दिवसांत वाढवायचे. हे सगळे मी शिकले खरे, पण त्या चार गोळ्यांवर जीव तगणार नव्हता. कोंबडीचे आजीला सांगणे भाग होते.

आजीने सगळे ऐकले. गळ्यातली माळ दोन बोटांत धरून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “घरात नाई. गोठ्यात चूल मांड. जर्मनचा जुना गंज हाय, तो घे. तो मंग घरात आनायचा नाई.”

तेव्हापासून गोठ्यात तीन विटांची चूल पेटू लागली. शेजारच्या काकूंकडून थोडेसे मांस यायचे, मी ते शिजवायची, बारीक कुस्करायची आणि पसरट ताटलीत थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यायची. आजी दूर बाजेवर बसून, नाकाला पदर लावून सूचना करी, “अजून शिजू दे! दाताले लागन!” जिने आयुष्यात कोंबडी शिजवली नाही, ती मला कोंबडी शिजवायला शिकवत होती. पाण्याच्या वाट्या ओसरीवर, गोठ्यात, देवघराबाहेर अशा चार ठिकाणी ठेवल्या. मनीला आता खिडकीत उडी जमत नसे, म्हणून भावाने विटांची पायरी केली. नखे झिजत नसल्यामुळे पंज्यात वळत होती, ती बाबांनी कापली. हो, बाबांनीच. अकोल्याच्या खर्चाबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. रात्री मात्र त्यांनी विचारले, “पुस्तकं केव्हा घेतं मंग?” मला उत्तर देता आले नाही.

पौषात एकदा माझी संध्याकाळची गाडी चुकली. घरी पोचायला साडेआठ झाले. मनी दुपारपासून उपाशी असणार म्हणून मी दप्तर न ठेवताच गोठ्याकडे पळाले. चुलीत निखारे होते. ताटली चाटूनपुसून स्वच्छ. मनी गोधडीवर बसून पंजा चाटत होती. घरात आले तर त्या कडाक्याच्या थंडीत आजी न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, चुलीपाशी कुडकुडत बसली होती.

“आईनं दिलं का मनीले?”

“तुही माय वावरातून आलीच उशिरा. म्याच देल्लं.”

“हातानं?”

“मंग? तिले दात नाईत. कुस्करल्याबिगर कशी खाईन? मलेबी नाईत दात.” मग थोड्या वेळाने, “आंघोय केली म्या. झालं.”

मी काही बोलले नाही. तिचे ताट बाजूलाच झाकून ठेवलेले होते. वरची थाळी उचलून पाहिले, तर भाजी संपलेली आणि भाकरी जवळजवळ तशीच. मला आठवू लागले, कधीपासून ही भाकरी अशी उरते आहे? दिवाळीपासून? त्याआधीपासून? रोज सकाळी तो उरलेला तुकडा आई गायीला घालत होती आणि आजीचे वय झाले, भूक कमी झाली, असे आम्ही सगळे समजत होतो. मी दूध गरम केले, भाकरी त्यात मोडली आणि मऊ होईपर्यंत चमच्याने दाबत बसले. “नखरे शिकवू नको मले,” असे म्हणत आजीने वाटी संपवली.

मनी आता आजीच्याच हातून खाते. माझ्या हातचे हुंगते आणि वाट पाहते. आजीची संध्याकाळची आंघोळ रोजची झाली आहे, फक्त आई आता पाणी तापवून ठेवते. मनीचे दुखणे बरे होणारे नाही, हे आजीला मी सांगितले आहे. “ठाव हाय,” एवढेच ती म्हणाली.

दर रविवारी मी मनीला टोपलीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवते. म्हाताऱ्या मांजराचे उतरते वजन डोळ्यांना उशिरा दिसते, काट्याला आधी. दिवाळीनंतर ती दोन किलो चारशे ग्रॅम होती. गेल्या रविवारी, टोपलीचे वजन वजा जाता, दोन किलो सहाशे भरली. धावत येऊन मी आजीला आकडा सांगितला. तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, “तो मोठा काटा हाय का त्याच्यापाशी, पोत्याचा? मलेबी ने एक डाव.”