ड्रोनचं तोंड आपल्याकडे

ड्रोन शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच उड्डाणात वाटतं, जमलं की! त्याचा दोष नाही. जीपीएस चालू असताना स्टिक सोडल्या तरी यंत्र हवेत जागच्या जागी थांबतं. म्हणून मी जीपीएस बंद करायला लावतो. वारा ड्रोनला हळूच मैदानाबाहेर ढकलू लागतो, पोराचे अंगठे ताठरतात. माझ्या हातात दुसरा रिमोट असतो म्हणून बरं.

त्याहून अवघड म्हणजे ड्रोनचं तोंड आपल्याकडे असताना उडवणं. स्टिक उजवीकडे नेली की यंत्र आपल्या डावीकडे जातं. सिम्युलेटरवर झोकात आठचा आकडा काढणारे गेमबहाद्दर इथे हमखास गडबडतात. एका ट्रॅक्टरवाल्याला मात्र काही सांगावं लागलं नाही. "उसाची ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटंच मारतोय की आपण," म्हणाला. आता प्रत्येक बॅचला मी त्याचाच दाखला देतो.

रिमोट पायलटच्या प्रमाणपत्राला वय 18 ते 65 आणि दहावी पास एवढं पुरतं. आधी पासपोर्ट लागायचा, त्यापायी गावाकडची मुलं अडकायची. 2023च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्रावरही भागतं. तेव्हापासून वर्गाचा चेहराच बदलला. 'नमो ड्रोन दीदी' योजनेमुळे बचत गटाच्या ताईही येऊ लागल्या. त्यांचा हात बसायला वेळ लागतो, पण उड्डाणाआधीची तपासणी करावी तर त्यांनीच. सहा सेलच्या बॅटरीत पूर्ण चार्जला 25.2 व्होल्ट दिसलेच पाहिजेत. कमी दिसले की यंत्र जमिनीवरच. उजवी-डावी पाती अदलाबदल झाली तर ड्रोन उडताउडताच उलटतो. एका ताईंनी जोडीच्या मोटरवर आणि पात्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले. कंपनीच्या बारीक खुणांपेक्षा ते लांबून दिसतात.

प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. पण धंद्यातली खरी परीक्षा त्यानंतर, आणि ती मैदानावर घेता येत नाही. मध्यंतरी तासगावकडच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला.

"सर, उसात तणनाशक मारायचंय. टाकी भरलीय. पण वारं शेजारच्या द्राक्षबागेकडं आहे."

"मग थांब."

"मालक ऐकत नाही. म्हणतो, पैसे मोजलेत, उडव."

तणनाशकाचा तुषार वेलीवर गेला तर कोवळी पानं आकसतात, आणि भरपाई मागायला बागवाला ड्रोनवाल्याच्याच दारात येतो. म्हटलं, "फोन दे मालकाकडं."